लुरिस्तानचे लगाम

जिभेला लगाम घाला, खर्चाला लगाम घाला, असें आपण घरोघर म्हणत असतों. परंतु ज्यांच्या दारीं घोडा बांधलेला आहे अशीं कुटुंबें आतां शहरांत शोधूनहि सांपडावयाचीं नाहींत. वस्तु गेली, शब्द राहिला. हा शब्द मूळचा फारसी. लगामच काय, जीन आणि चाबूक हे शब्दहि आपल्याकडे फारसींतूनच आले, आणि यांत नवल असें कांहीं नाहीं. मध्ययुगांत इराणी आखातांतून, विशेषतः होर्मुझ बंदरांतून, चौल, दाभोळ, गोवें या आपल्या किनाऱ्यावरील बंदरांत घोड्यांनीं भरलेलीं जहाजें येत, आणि दख्खनच्या सुलतानांचें व विजयनगरच्या राजांचें घोडदळ त्यांवर उभें राही. घोड्याबरोबर घोड्याची भाषाहि किनाऱ्यावर उतरली. आज मला ज्या लगामांविषयीं बोलावयाचें आहे ते मात्र या व्यापाराच्या दोन हजार वर्षें आधींचे आहेत, आणि ज्यांनीं ते घडविले त्या लोकांनीं लिहिलेली एक ओळहि मागें राहिलेली नाहीं.

इराणच्या पश्चिम सरहद्दीलगत झाग्रोस पर्वताच्या रांगा वायव्येकडून आग्नेयीकडे एकीमागून एक गेल्या आहेत. त्यांच्या कुशींत, केरमानशाहच्या दक्षिणेस आणि खुझिस्तानच्या सपाटीच्या उत्तरेस, लुरिस्तान नांवाचा मुलूख आहे. ओकाच्या झाडांचीं रानें, उंच कडे, मधून मधून अरुंद पण हिरवीं खोरीं, असा हा प्रदेश. येथील लोक पुष्कळ काळपर्यंत मेंढरांचे कळप घेऊन उन्हाळ्यांत वर आणि हिवाळ्यांत खालीं असे फिरत असत. परक्या माणसानें तेथें शिरणें विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत धोक्याचें समजलें जाई. कांशाची एखाददुसरी चमत्कारिक वस्तु या भागांतून बाहेर पडे. ब्रिटिश म्यूझियमकडे अशी एक वस्तु १८५४ सालींच आली होती. परंतु ती कोणाची याचा विचार करण्याइतकें साहित्य जमलेलें नव्हतें. पुढें १९२८ च्या सुमारास हर्सीन गांवाच्या आसपास शेतकऱ्यांना जुन्या कबरी सांपडूं लागल्या, आणि दोनतीन वर्षांत तेहरान, पॅरिस, लंडन, न्यूयॉर्क येथील जुन्या वस्तूंचीं दुकानें कुऱ्हाडी, खंजीर, मोठमोठ्या टांचण्या, देवतांच्या म्हणून समजल्या जाणाऱ्या उभ्या आकृति आणि घोड्यांचीं कडियाळीं यांनीं भरून गेलीं. १९३१ सालीं लंडनला बर्लिंग्टन हाउसमध्यें इराणी कलेचें मोठें प्रदर्शन भरलें, तेथें या वस्तु लोकांनीं पाहिल्या. आणि त्याच वर्षीं आंद्रे गोदार या फ्रेंच पंडितानें त्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला.

या सर्व वस्तूंत मला अधिक विचार करण्याजोगें वाटतें तें कडियाळें. म्हणजे लगामाचा जो धातूचा भाग घोड्याच्या तोंडांत असतो तो. कुऱ्हाड नुसती शोभेची असूं शकते, टांचणी शोभेची असूं शकते. पण कडियाळें एका जिवंत, बलवान आणि मनस्वी प्राण्याच्या तोंडांत बसावें लागतें, आणि तें नीट बसलें नाहीं तर त्याचें प्रायश्चित्त स्वाराला तत्काळ मिळतें.

घोड्याच्या जबड्याची रचना या कामीं माणसाला मोठी अनुकूल पडली. त्याचे पुढचे दांत आणि मागच्या दाढा यांच्यामध्यें दोन्ही बाजूंस हिरडीची मोकळी जागा असते. तेथें दांत नसल्यामुळें आडवी ठेवलेली कांब घोड्याला चावून टाकतां येत नाहीं, आणि हिरडी व जीभ हे भाग फार नाजूक असल्यामुळें थोडासा दाबहि त्याला कळतो. सारें अश्वारोहण या बोटभर रिकाम्या जागेवर उभें आहे म्हटलें तरी चालेल. परंतु नुसत्या कांबेनें काम भागत नाहीं. डावीकडची वादी ओढली तर कांब तोंडांतून डावीकडे सरकेल, आणि घोडा होता तसाच पुढें जाईल. म्हणून कांबेच्या दोन्ही टोकांना, ओठांच्या बाहेर, कांहीं तरी आडवें लागतें. आपल्याकडे हें काम कड्या करीत. लुरिस्तानच्या कारागिरांनीं त्या जागीं कांशाच्या दोन पट्ट्या बसविल्या. त्यांना आपण गालपट्ट्या म्हणूं.

एक सरळ, अखंड कांब आणि तिच्या दोन टोकांना दोन गालपट्ट्या, एवढीच या कडियाळ्याची रचना. प्रत्येक पट्टीच्या मध्यावर भोंक असतें. त्यांतून कांबेचें टोंक बाहेर येतें आणि वेटोळें करून वळविलेलें असतें. बहुधा एक टोंक एका दिशेला, दुसरें उलट दिशेला. या वेटोळ्यांत हातांतल्या वाद्या अडकवीत. पट्टीच्या माथ्यावर कड्या असतात. त्यांतून म्होरकीचे पट्टे ओवून सगळें घोड्याच्या डोक्याला बांधीत. आतां डावी वादी ओढली कीं उजवीकडची गालपट्टी घोड्याच्या उजव्या गालावर दाबली जाते, आणि त्या दाबापासून दूर जाण्यासाठीं घोडा डावीकडे मान वळवितो. येथपर्यंत सर्व ठीक आहे. पण पुष्कळ पट्ट्यांच्या आंतल्या अंगास टोंकदार कांटे आहेत. संग्रहालयाच्या कपाटांत पट्टीची देखणी बाजू आपल्याकडे असते आणि कांटे भिंतीकडे असतात. पाहणाऱ्याला दिसतो तो ऐटींत उभा राहिलेला एक सुंदर कांशाचा प्राणी. घोड्याला त्याच पट्टीची दुसरी बाजू ठाऊक होती.

आतां ही देखणी बाजू पाहूं. अगदीं साध्या पट्ट्यांवर घोडाच असतो: एका आडव्या पट्टीवर चारहि पाय ठेवून उभा, मान किंचित् वांकलेली, आणि बरोबर पोटाच्या मध्यभागीं तें भोंक. कित्येक घोड्यांच्या गळ्यांत घंटाहि दाखविली आहे, म्हणजे घोड्याच्या गालावर साजशृंगार केलेला घोडा! त्यापुढच्या पट्ट्यांवर डोंगरी बोकड आणि रानमेंढे येतात. त्यांचीं शिंगें मागें वळून इतकीं मोठीं होतात कीं सबंध आकृतीचा तोल त्यांवर राहतो. झाग्रोसच्या कड्यांवर हे प्राणी आजहि आहेत, तेव्हां कारागिरानें ते डोळ्यांनीं पाहिलेले होते यांत संशय नाहीं. पण त्याचें मन पाहिलेल्यावर थांबत नाहीं. बोकडाला पंख फुटतात. पंखाच्या टोंकाला आणखी एका प्राण्याचें डोकें उगवतें. पाठीवर एखादें लहानसें हिंस्र श्वापद येऊन बसतें. कांहीं पट्ट्यांवर मनुष्याच्या तोंडाचा आणि पंखांचा बैल आहे, आणि त्याच्या पायांखालीं कोणी प्राणी चिरडला जात आहे. कांहींवर मध्यें पुरुषाकृति आणि दोन्ही बाजूंस दोन पशु आहेत. त्या पुरुषाला पंडितांनीं पशूंचा स्वामी असें नांव दिलें आहे. तें ऐकून आपल्याला पशुपति आठवतो, पण नुसत्या आठवणीवरून नातें जोडूं नये हें बरें. थोड्या पट्ट्यांवर दुचाकी रथ आणि त्यांतला सारथीहि आढळतो.

यांतील प्रत्येक वस्तु निराळी आहे. डावी व उजवी अशी जोडी एकमेकींचीं प्रतिबिंबें असतात, पण एका जोडीसारखी हुबेहूब दुसरी जोडी मिळत नाहीं. याचें कारण ओतकामाच्या पद्धतींत आहे. प्रथम मेणाची आकृति करावयाची, तिच्यावर मातीचा लेप द्यावयाचा, माती भाजून मेण वितळवून काढून टाकावयाचें, आणि जी पोकळी राहील तींत तापलेला रस ओतावयाचा. थंड झाल्यावर मातीचा सांचा फोडल्यावांचून वस्तु निघत नाहीं. म्हणून एका मेणाची एकच वस्तु. ही पद्धति आपल्याला परकी नाहीं. बाराव्या शतकांत कल्याणीच्या चालुक्य घराण्यांतील तिसऱ्या सोमेश्वरानें आपल्या मानसोल्लासांत मूर्ति ओतण्याची हीच कृति सांगितली आहे, आणि दक्षिणेंतील कारागीर ती अजून वापरतात.

कांसें म्हणजे तांब्यांत कथील मिसळून केलेली धातु. या डोंगरी लोकांना कथील कोठून मिळे हा प्रश्न पुष्कळ वर्षें पंडितांना सतावीत होता, कारण कथील फार थोड्या ठिकाणीं मिळतें. अलीकडे लुरिस्तानच्या पूर्वेस देह हुसेन येथें तांबें आणि कथील एकाच ठिकाणीं असलेली प्राचीन खाण उजेडांत आली आहे, आणि या वस्तूंच्या धातूचें पृथक्करण त्या खाणीशीं बरेंच जुळतें. दुसरी एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. ज्या काळांत हीं कडियाळीं झालीं, म्हणजे सुमारें इ. स. पू. १००० पासून ६५० पर्यंत, त्या काळांत लोखंड या लोकांना चांगलें माहीत होतें. त्यांच्या लोखंडी तरवारी आज अनेक संग्रहालयांत आहेत, आणि कांहीं कडियाळ्यांची कांबसुद्धां लोखंडाची आहे. मग गालपट्ट्या कांशाच्याच कां? लोखंड त्या वेळीं ठोकून घडवितां येई, ओततां येत नसे. शिंगाचा बांक, पंखाच्या रेषा, बोकडाची दाढी हीं मेणांत बोटांनीं उठवावीं आणि कांशानें तीं जशींच्या तशीं उचलावीं, ही सोय लोखंडांत नव्हती.

घोड्याच्या साजावर प्राण्यांच्या आकृति बसविण्याची हौस मात्र याहून फार जुनी आहे. सुमेर देशांतील ऊर नगरींत लेनर्ड वुली यांनीं राणी पुआबीची कबर उकरली, तींत वाद्या ओवण्याची एक कडी निघाली. तिच्यावर सोन्यारुप्याच्या मिश्रणाचें एक सुबक गाढव उभें आहे. ती इ. स. पू. २६०० च्या आसपासची, म्हणजे लुरिस्तानच्या कडियाळ्यांपेक्षां दीड हजार वर्षांनीं जुनी. लुरिस्तानमध्येंहि वाद्या ओवण्याच्या कड्या आणि जाळीच्या घंटा मिळाल्या आहेत.

हीं कडियाळीं खरोखर वापरलीं जात, कीं मृतांबरोबर पुरण्यापुरतींच केलीं जात, यावर मोठा वाद झाला आहे. गोदार यांना खेडुतांकडून असें कळलें होतें कीं कबरींत हीं मृताच्या डोक्याखालीं ठेवलेलीं असतात. त्यांतील कित्येक इतकीं जड आहेत कीं तीं तोंडांत घेऊन घोडा धांवेल तरी कसा, अशी शंका येते. उलट पक्षीं, कांहींच्या भोंकांच्या कडा घांसून गेलेल्या आहेत, आणि घर्षणावांचून धातु झिजत नाहीं. माझ्या मतें या दोन पक्षांत खरा विरोध नाहीं. सरदाराचा घोडा मिरवणुकींत ज्या साजानें सजतो त्याच साजानें रोज रानांत जात नाहीं. आणि जें मिरवणुकींत मानाचें, तेंच मरणोत्तरहि बरोबर द्यावेंसें वाटणें स्वाभाविक आहे.

या बाबतींत एक साक्ष शेजारच्या देशांतून मिळते. पश्चिमेस खालीं मैदानांत असीरियाचें बलाढ्य राज्य होतें, आणि तेथील राजांना घोड्यांची भूक कधींच पुरी होत नसे. मैदानांत घोडे चांगले निपजत नाहींत. ते झाग्रोसच्या कुरणांत निपजतात. म्हणून असीरियाच्या लेखांत डोंगरी राज्यांकडून, लुरिस्तानच्या बाजूच्या एल्लिपि राज्याकडूनहि, खंडणींत घोडे घेतल्याच्या नोंदी पुनः पुनः येतात. असीरियाचीं शिल्पें पाहिलीं तर अश्वविद्या डोळ्यांदेखत बदलतांना दिसते. इ. स. पू. नवव्या शतकांतील शिल्पांत स्वार जोडीनें जातात: एक जण दोन्ही घोड्यांच्या वाद्या धरतो आणि दुसरा धनुष्य ओढतो. रिकीब तेव्हां नव्हती, खोगीर म्हणजे पाठीवर टाकलेलें एक वस्त्र. हात सोडून बसण्याचा आत्मविश्वास अजून आलेला नव्हता. पुढें शंभर-दीडशें वर्षांत स्वार एकटा झाला आणि स्वतःच वाद्या सांभाळून बाण सोडूं लागला. सेनाखेरिब राजानें (इ. स. पू. ७०४ ते ६८१) निनवे येथें जो राजवाडा बांधला, त्याच्या भिंतीवरील शिल्पांत घोड्यांच्या तोंडाशीं घोड्याच्याच आकाराच्या गालपट्ट्या कोरलेल्या आहेत. म्हणजे अशा पट्ट्या जिवंत घोड्याला लागत; हें पाहणाऱ्यानें दगडांत नोंदवून ठेवलें आहे.

हे कारागीर कोण, याविषयीं गोदार यांचें मत असें होतें कीं ते कस्साइट असावेत. या कस्साइट लोकांनीं डोंगरांतून उतरून बाबिलोनवर चारशें वर्षांहून अधिक काळ राज्य केलें, आणि त्यांच्या देवांत शुरियाश नांवाचा सूर्यदेव होता. नांव ऐकून आपले कान टवकारतात खरे. पण कस्साइटांचें राज्य इ. स. पू. ११५५ च्या सुमारास संपलें, आणि आपलीं कडियाळीं बहुतेक त्यानंतरचीं आहेत. तेव्हां हें मत आतां मागें पडलें आहे. आपल्याशीं अश्वविद्येचा खरा दुवा पाहावयाचा तर तो लुरिस्तानांत नाहीं, त्याच्या वायव्येस मितानी राज्यांत आहे. तेथील किक्कुलि नांवाच्या अश्वशिक्षकानें घोडे तयार करण्याचा जो पाठ सांगितला, तो हिट्टाइट राजधानींत, तुर्कस्तानांतील बोगाझक्योय येथें, विटांवर कोरलेला सांपडला. घोड्याला किती फेरे द्यावे हें सांगतांना त्यांत ऐकवर्तन्न, तेरवर्तन्न, पंझवर्तन्न, सत्तवर्तन्न असे शब्द येतात. एक, तीन, पांच, सात! संस्कृत न शिकलेल्या मराठी माणसालाहि ते समजतील. पुढें इराणांतहि अश्ववाचक अस्प हा शब्द राजांच्या नांवांत मानानें मिरवला. दारियस बादशहाच्या बापाचें नांव विश्तास्प. पण लुरिस्तानच्या कबरींत निजलेले सरदार आपल्या घोड्याला काय म्हणत, हें या शब्दांवरून ठरवितां येणार नाहीं.

आणि येथें या विषयाची दुःखद बाजू येते. हजारों वस्तु जगभर पसरल्या, पण त्यांतील बहुतेकांचा जन्मदाखला हरवलेला आहे. कबर कोणाची होती, पुरुषाची कीं स्त्रीची, कडियाळ्याची जोडी एका मृताजवळ होती कीं दोघांजवळ, जवळ घोड्याचीं हाडें होतीं कीं नव्हतीं, मडकीं कोणत्या घडणीचीं होतीं, हें पाहावयाला कोणीहि जाणता माणूस तेथें नव्हता. हाडें फेकून दिलीं, मडकीं फुटलीं, कांसें विकलें. १९३० सालीं इराणांत पुरातन वस्तूंचा कायदा झाला. पण दऱ्याखोऱ्यांतून रात्रीं कुदळ चालवणाऱ्याला कायदा गांठीत नाहीं. फ्रेया स्टार्क या धाडसी इंग्रज बाईनें १९३४ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्रवासवर्णनांत या वस्तूंच्या शोधांत लुरिस्तानांत केलेल्या भटकंतीची हकीकत दिली आहे. या व्यवहारांत खेडुताला चार पैसे मिळाले, दलालाला शंभर आणि दुकानदाराला हजार. आणि मी खेडुताला दोष द्यावयास फारसा तयार नाहीं.

मागणी वाढली तशा नकलाहि वाढल्या. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयांतील ऑस्कर व्हाइट मस्करेला या विद्वानानें आपलें बरेंचसें आयुष्य या बनावट वस्तु हुडकण्यांत घालविलें. कांहीं वस्तु सर्वस्वीं नव्या असतात. कांहीं अर्ध्या खऱ्या असतात: एका कबरींतली पट्टी, दुसऱ्या कबरींतली पट्टी आणि तिसरीच कांब एकत्र करून जोडी म्हणून विकावयाची. नकल करणाऱ्याला शेकडों वर्षांचा हिरवा गंज आणतां येतो, पण तो धातूच्या पोटांत मुरलेला नसतो. अशा वस्तूंवरून कोणी धर्माविषयीं सिद्धांत उभारले तर ते किती टिकावेत, याची कल्पना श्रोत्यांनींच करावी.

शास्त्रशुद्ध खोदकाम उशिरां सुरू झालें. १९३८ सालीं एरिक श्मिट यांनीं सुर्ख दुम येथें एक देवस्थान उकरलें. भाविकांनीं वाहिलेल्या टांचण्या तेथें भिंतींतसुद्धां खोंचलेल्या होत्या. १९६५ ते १९७९ या काळांत बेल्जियमचे लुई व्हांडेन बर्गे यांनीं पुश्त-इ-कूह या पश्चिमेकडील भागांत एकामागून एक स्मशानें तपासलीं आणि कबरींचा कालक्रम बसविला. त्याच सुमारास क्लेअर गॉफ या बाईंना बाबा जान येथें साजासह पुरलेला घोडा मिळाला. २००५ पासून इराणी संशोधकांनीं संगतराशान येथें खोदकाम केलें, त्यांत जमिनींत जपून ठेवलेले कांशाच्या भांड्यांचे व शस्त्रांचे साठे जागच्या जागीं सांपडले. इतकें होऊनहि, प्राण्यांच्या आकृतींच्या ज्या गालपट्ट्यांनीं जगभरचीं कपाटें भरलीं आहेत, तशा पट्ट्या अशा खोदकामांत मिळणें अतिशय विरळ आहे. लुटारू त्या जागीं आधीं पोहोंचले होते.

ज्या कोणाला लंडनचें ब्रिटिश म्यूझियम, पॅरिसचें लूव्र, न्यूयॉर्कचें मेट्रोपॉलिटन किंवा तेहरानचें राष्ट्रीय संग्रहालय पाहण्याचा योग येईल, त्यानें या कडियाळ्यांपुढें थोडा वेळ थांबावें. प्रथम बोकडाचीं शिंगें पाहावीं. त्यांचा मोह सुटतच नाहीं. मग मधल्या भोंकाच्या कडेकडे पाहावें. ती सर्व बाजूंनीं सारखी गोल असेल तर ती पट्टी बहुधा घोड्यानें कधीं पाहिलीच नाहीं. एका अंगास ती थोडी झिजून लांबट झालेली असेल, तर कोणी तरी त्या बाजूची वादी बरेच दिवस ओढली आहे. शेवटीं कपाटाच्या बाजूला जाऊन, जमेल तितकें वांकून, पट्टीच्या मागें कांटे आहेत कीं नाहींत तें पाहावें. पहारेकरी हटकील, पण तेवढ्यांत दिसून जातें.